‘कल्चर निगेटिव्ह’ हे निदान नव्हे

घरच्या घरी पोटाचे डायलिसिस करणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षणाच्या वेळी एक साधी परीक्षा शिकवली जाते. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि तिच्या आरपार अक्षरे दिसतात का, ते पाहायचे. अक्षरे स्वच्छ दिसली तर ठीक. ती पुसट झाली, ओळी धुक्यात गेल्यासारख्या दिसू लागल्या, तर पिशवी न फेकता ती घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठायचे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. वर्तमानपत्राचा तुकडा पुरतो. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती जमते, कारण काळे ठिपके दिसतात की नाही एवढेच ठरवायचे असते. रुग्ण किंवा त्याच्या घरचे माणूस ही परीक्षा दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे, निमूटपणे पार पाडते.

वाद आहे तो यापुढच्या टप्प्याबद्दल. रुग्णाने गढूळ पिशवी ओळखली, भाड्याची गाडी केली, पिशवी छातीशी धरून तो रुग्णालयात पोहोचला. त्याचे काम तिथे संपले. पुढची परीक्षा व्यवस्थेची असते. तीन-चार दिवसांनी तिचा निकाल कागदावर येतो आणि त्यावर पुष्कळदा दोनच शब्द असतात: ‘कल्चर निगेटिव्ह’. हे शब्द जणू एखाद्या आजाराचे नाव असावे अशा थाटात फाइलमध्ये लावले जातात. ते आजाराचे नाव नाही. पोट दुखते आहे, पाणी गढूळ आहे, पाण्यात पांढऱ्या पेशींची गर्दी आहे आणि तरीही जंतू सापडला नाही, याचा पहिला अर्थ ‘जंतू नव्हता’ असा होत नाही. ‘जंतू शोधता आला नाही’ असा होतो. या दोन वाक्यांतले अंतर भारतातील वैद्यकीय व्यवस्थेने मोजायला नकार दिला आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजत आहेत.

पडदा एकच असतो

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे दोन मार्ग उरतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा: आठवड्यातून दोन-तीनदा केंद्रावर जायचे, यंत्राला जोडून घ्यायचे, चार तास बसायचे. दुसऱ्या मार्गात शरीराचेच एक अस्तर गाळणीचे काम करते. पोटाच्या पोकळीला आतून मढवणाऱ्या या नाजूक पडद्याला पर्युदर म्हणतात. पोटात कायमची बसवलेली एक मऊ नळी, म्हणजे कॅथेटर. तिच्यातून साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, मग तो काढून नवा भरायचा. भारतात बहुतेक रुग्ण दिवसाला असे तीन बदल करतात. १९७६ मध्ये अमेरिकेत पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी या पद्धतीची कल्पना मांडली. भारतात ती १९९१ पासून वापरात आली.

२०१६-१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली, तेव्हा देशात दरवर्षी मूत्रपिंड निकामी झालेले सुमारे २.२ लाख नवे रुग्ण वाढतात आणि त्यांच्यासाठी ३.४ कोटी डायलिसिसची जादा गरज निर्माण होते, असे आकडे त्यांनी दिले होते. यंत्रांची केंद्रे एवढी गरज भागवू शकणार नाहीत, हे उघड होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने याच कार्यक्रमाखाली पोटाच्या डायलिसिससाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली. केंद्रापर्यंत पोहोचण्याची वाट बंद झाली की यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसाचे काय होते, हे देशाने पाहिले. डोंगराळ जिल्हे, बेटे, ईशान्येकडील राज्ये, तालुक्यापासून दूर असलेली गावे यांच्यासाठी घरी होणारे डायलिसिस ही चैन नव्हे. कित्येकदा तोच एक शहाणा मार्ग असतो. तरीही या पद्धतीवर असलेले रुग्ण आजही काही हजारांच्याच घरात आहेत.

ते इतके कमी का, या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते: “संसर्ग होतो.” उत्तर खोटे नाही. पर्युदराचा संसर्ग, म्हणजे पेरिटोनायटिस, हीच या पद्धतीची सर्वांत भीतिदायक गुंतागुंत आहे. वारंवार किंवा उशिरा आटोक्यात आलेल्या संसर्गाने पडदा जाड होतो, गाळण्याची ताकद गमावतो आणि रुग्णाला कायमचे यंत्राकडे वळावे लागते. काही रुग्ण दगावतात. माणसाला हा पडदा एकच मिळतो. म्हणूनच त्याच्यावर आलेल्या संकटाचे निदान ढिसाळ हातांनी होत असेल, तर दोष पद्धतीच्या माथी मारण्याआधी ते हात तपासले पाहिजेत.

तीनपैकी दोन

इंटरनॅशनल सोसायटी फॉर पेरिटोनियल डायलिसिस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी आढळल्या की पेरिटोनायटिसचे निदान होते. एक, पोटदुखी किंवा गढूळ पाणी, अथवा दोन्ही. दोन, द्रव पोटात किमान दोन तास राहिल्यानंतर त्याच्या प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांतील ५० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल. तीन, कल्चरमध्ये जंतूची वाढ.

यातली पहिली खूण रुग्णाच्या हाती आहे आणि ती तो चोख सांभाळतो. उरलेल्या दोन प्रयोगशाळेच्या हाती आहेत.

दुसरी खूण महागडी मुळीच नाही. न्यूबॉअर चेंबर, सूक्ष्मदर्शक, एक रंगद्रव्य आणि मोजायला बसलेला तंत्रज्ञ एवढ्यावर ती मिळते. अडचण उपकरणांपेक्षा समजुतीची आहे. हा द्रव प्रयोगशाळेत ‘पोटातील पाणी’ म्हणून पोहोचला, की त्याला यकृताच्या आजारात साचणाऱ्या पाण्याचे, जलोदराचे, निकष लागण्याचा धोका असतो. जलोदरातील संसर्गासाठी न्यूट्रोफिलची सीमारेषा २५० आहे. डायलिसिसच्या द्रवाची सीमारेषा एकूण १०० पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, अशी आहे. समजा, एखाद्या नमुन्यात १८० पेशी निघाल्या आणि त्यांतल्या १४० न्यूट्रोफिल आहेत. जलोदराच्या मापाने हा नमुना निर्धोक ठरेल. डायलिसिसच्या मापाने तो धोक्याचा इशारा आहे. पाणी तेच, पेशी त्याच. फॉर्मवर लिहिलेल्या एका शब्दाने रुग्णाचे भवितव्य बदलते.

वेळेचेही तसेच. रात्री यंत्राच्या साहाय्याने झटपट बदल करणाऱ्या रुग्णाच्या पोटात द्रव थोडाच वेळ राहतो. त्यामुळे संसर्ग असूनही पेशींची संख्या १०० च्या खाली राहू शकते. अशा वेळी संख्येपेक्षा न्यूट्रोफिलच्या टक्केवारीकडे पाहायचे असते. म्हणजे नमुन्यासोबत ‘द्रव पोटात किती तास होता’ ही माहिती गेली नाही, तर हाती आलेला आकडा अर्धाच राहतो. शिवाय पिशवी तासन्‌तास उन्हाळ्याच्या उकाड्यात पडून राहिली, तर पेशी विरत जातात आणि मोजणीत कमी भरतात. संसर्ग खरा असतो, आकडा खोटा पडतो.

दोन लिटरांत हरवलेला जंतू

तिसऱ्या खुणेची, म्हणजे कल्चरची, गोष्ट साध्या अंकगणिताने कळते. समजा, द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सरासरी एकच जिवंत जिवाणू आहे. दोन लिटरांत असे दोन हजार झाले. पडद्याला दाह व्हायला निमित्त पुरेसे आहे. आता प्रयोगशाळेने १० मायक्रोलिटर मावणाऱ्या तारेच्या कडीने एक थेंब उचलून प्लेटवर पसरला, तर त्या थेंबात जिवाणू असण्याची शक्यता शंभरात एक. नव्याण्णव वेळा प्लेट कोरी राहणार आणि नव्याण्णव वेळा ‘कल्चर निगेटिव्ह’ असा शिक्का बसणार. तोच द्रव १० मिलिलिटर घेऊन रक्त-कल्चरच्या बाटलीत सोडला, तर आत सरासरी दहा जिवाणू जातील. ५० मिलिलिटर द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ वापरला, तर जवळपास पन्नास. जंतू बदलला नाही, रुग्ण बदलला नाही, औषध बदलले नाही. बदलली ती केवळ शोधण्याची रीत.

ही रीत गुपित नाही. रक्त-कल्चरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक प्राणवायूत वाढणाऱ्या आणि दुसरी त्याच्याविना वाढणाऱ्या जंतूंसाठी; प्रत्येकीत ५ ते १० मिलिलिटर द्रव रुग्णाच्या खाटेपाशीच भरावा; त्या सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचाव्यात; पोहोचणे शक्य नसेल तर भरलेल्या बाटल्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवाव्यात. पिशवीतला उरलेला द्रव मात्र थंड जागी ठेवावा. पिशवी थंडीत, बाटली उबेत: वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही लक्षात राहील असा हा नियम आहे. तो उलटा पाळला गेला, भरलेली बाटली रात्रभर फ्रीजमध्ये राहिली, तर सकाळी अहवाल कोरा येण्याचीच भीती अधिक.

याहून मोठी चूक रुग्णालयाच्या दारापूर्वीच होते. गावातल्या दुकानातून किंवा जवळच्या दवाखान्यातून घेतलेला प्रतिजैविकाचा डोस आधीच पोटात गेलेला असतो. तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनसह अनेक प्रतिजैविके २०१४ पासून औषध नियमांच्या ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते. पण नियम दुकानाच्या गल्ल्यापर्यंत कितपत पोहोचतो, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही. अर्धवट डोसाने जंतू मरत नाहीत, फक्त बाटलीत उगवेनासे होतात. पुढचा डॉक्टर मग डोळ्यांवर पट्टी बांधून उपचार करतो.

याच संस्थेने एक मर्यादाही घालून दिली आहे: कोणत्याही केंद्रात पेरिटोनायटिसच्या एकूण प्रकरणांपैकी कल्चर निगेटिव्ह प्रकरणे १५ टक्क्यांपेक्षा कमी असावीत. प्रमाण त्याहून वाढले, तर त्या केंद्राने नमुना घेण्याची आणि वाढवण्याची आपली पद्धत तपासावी. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. हे प्रमाण रुग्णाच्या गुणदोषांचे माप नसून केंद्राच्या आणि प्रयोगशाळेच्या कामाचे माप आहे. भारतीय केंद्रांतून प्रसिद्ध झालेल्या अनेक अहवालांत ते या मर्यादेच्या बरेच वर राहिले आहे. तरीही या अपयशाची चर्चा ‘भारतीय रुग्णांमधील संसर्गाचे वैशिष्ट्य’ अशा सभ्य शीर्षकाखाली होते. वैशिष्ट्य रुग्णांचे नाही, कार्यपद्धतीचे आहे.

जंतूचे नाव कशाला हवे?

इथे एक व्यवहारी आक्षेप येतो. “प्रतिजैविके तर पहिल्याच दिवशी सुरू करायची असतात. मग चार दिवसांनी नाव कळून काय उपयोग?” आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. नमुना घेतल्यावर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू झालाच पाहिजे. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात तर उपचाराला होणारा दर तासाचा विलंबही धोका वाढवतो, असे दिसून आले. पण ‘आधी नमुना की आधी औषध’ हा झगडाच खोटा आहे. पिशवीतून दोन बाटल्या भरायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्यानंतर लगेच औषध द्यावे. या पाच-दहा मिनिटांचा आळस पुढच्या तीन आठवड्यांचा अंधार विकत घेतो.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे. जंतूचे नाव कळले की उपचाराचा कालावधी ठरतो: त्वचेवरील सौम्य स्टॅफिलोकोकसला साधारण दोन आठवडे, स्टॅफिलोकोकस ऑरियसला तीन, स्यूडोमोनासला तीन आठवडे आणि तेही दोन वेगवेगळी औषधे. नाव कळले की वाट कळते: त्वचेवरचा जंतू नळी जोडताना झालेल्या स्पर्शाकडे बोट दाखवतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस कॅथेटरच्या तोंडाशी किंवा नाकात दडलेल्या जंतूंकडे. आतड्यातले अनेक जंतू एकत्र सापडले तर आतड्याला छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते, आणि मग प्रश्न प्रतिजैविकाचा राहत नाही, शस्त्रक्रियेचा होतो. पाश्चुरेला सापडला तर घरातल्या मांजराने नळी चाटली किंवा चावली का, असे विचारावे लागते. नाव नसेल तर यातले काहीच विचारता येत नाही. पुढचा संसर्गही त्याच वाटेने येतो आणि त्यालाही पुन्हा तेच निनावी नाव मिळते.

बुरशीचा संसर्ग असेल, तर एकेक दिवस मोलाचा असतो. तिथे औषध देत वाट पाहणे चालत नाही. कॅथेटर तातडीने काढावा लागतो. ग्रॅम रंजनात बुरशीच्या पेशी पहिल्याच दिवशी दिसू शकतात, पण त्यासाठी काच रंगवून कुणीतरी ती डोळ्यांखाली घातली पाहिजे. आणि भारतात क्षयरोगाला विसरून कसे चालेल? जगातील क्षयरोगाच्या ओझ्याचा सुमारे चौथा हिस्सा या देशावर आहे. साध्या बाटलीत क्षयाचा जंतू वाढत नाही. त्यातच या द्रवात क्षयरोग असूनही पुष्कळदा लिम्फोसाइटऐवजी न्यूट्रोफिलच अधिक दिसतात. पाठ्यपुस्तकातली खूण शोधणारा डॉक्टर फसतो. मग आठवडे उलटतात, प्रतिजैविके बदलत राहतात आणि अहवालावर तेच दोन शब्द येत राहतात. वास्तविक देशात जिल्ह्या-जिल्ह्यांत क्षयरोगाच्या रेणवीय चाचणीची यंत्रे पोहोचली आहेत. गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅटला २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही मिळाली. ही यंत्रे प्रामुख्याने थुंकीसाठी आहेत, आणि पोटातील द्रवात त्यांचा नकार आला म्हणून क्षयरोग नाहीच, असे ठरत नाही. पण पन्नास-शंभर मिलिलिटर द्रव फिरवून त्याच्या गाळात क्षयाचा जंतू शोधायला हवा, हे कुणाला आठवलेच नाही, तर यंत्र असून नसल्यासारखेच.

निगेटिव्ह अहवालाचा मान

खरा ‘निगेटिव्ह’ अहवाल किती मोलाचा असतो, याचा एक धडा युरोपात २००१-०२ च्या सुमारास मिळाला. आयकोडेक्स्ट्रिन हा द्रव वापरणाऱ्या अनेक रुग्णांचे पाणी गढूळ होऊ लागले, पण कल्चरमध्ये काहीच वाढेना. तिथे या कोऱ्या अहवालांवर विश्वास ठेवता आला, म्हणून शोध द्रवाकडे वळला. द्रवाने एंडोटॉक्सिनची प्रस्थापित चाचणी पार केलेली होती. अखेरीस दोषी सापडले ते पेप्टिडोग्लायकन, म्हणजे उष्णता आणि आम्लात तगणाऱ्या एका जिवाणूच्या भिंतीचे अवशेष. जंतू जिवंत नव्हताच. कारखान्यात त्याचे कण द्रवात मिसळले होते. २००५ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

हाच प्रकार अशा केंद्रात घडला असता, जिथे दर तिसरे कल्चर निष्काळजीपणामुळे कोरे येते, तर काय झाले असते? आणखी काही कोरे अहवाल जुन्या ढिगात पडले असते आणि दूषित द्रव रुग्णांच्या पोटात जात राहिला असता. नकार हा पुरावा ठरतो तो शोधणाऱ्याने नीट शोधले असेल तरच. घरात दिवा न लावता ‘घरात कुणी नाही’ असे सांगणाऱ्याची साक्ष कोणते न्यायालय मानील?

आरोपी कोण?

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे: “आपले रुग्ण स्वच्छता पाळत नाहीत, ही पद्धत आपल्याकडे चालायची नाही.” हे वाक्य परिषदांच्या व्यासपीठावरून उघडपणे कमी आणि ओपीडीच्या टेबलामागून जास्त बोलले जाते. त्यातला अन्याय ध्यानात घ्यायला हवा. स्पर्शातून झालेला संसर्ग, आतड्यातून आलेला संसर्ग, नळीच्या तोंडाशी रुजलेला संसर्ग आणि क्षयरोग या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी स्पर्शाचाच संबंध हात धुण्याशी थेट जोडता येतो. जंतू सापडलेलाच नसताना रुग्णाच्या हातांना दोष देणे म्हणजे पुराव्याविना शिक्षा ठोठावणे होय. ही शिक्षा गरिबालाच होते. दोन खोल्यांच्या घरात, पाण्याची टंचाई सोसून, दिवसाला तीन वेळा काटेकोर हात धुणाऱ्या बाईला ‘अस्वच्छ’ ठरवले जाते आणि तिचा कॅथेटर काढला जातो. मग आठवड्यातून तीनदा शंभर किलोमीटरचा प्रवास तिच्या नशिबी येतो. तो प्रवास परवडला नाही, तर पुढे काय होते, ते कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही.

तिसरा आक्षेप विज्ञानवार्तांच्या वाचकांना आवडणारा आहे: “नवे किट येईल, प्रश्न सुटेल.” किट येत आहेत, हे खरे. मूत्रतपासणीत वापरली जाणारी ल्युकोसाइट इस्टरेजची पट्टी या द्रवातही दोनेक मिनिटांत पांढऱ्या पेशींची चाहूल देते. ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक पट्टी इंटरल्युकिन-६ आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-८ या दोन प्रथिनांवरून दाह ओळखते. जिवाणूंच्या जनुकीय खुणा शोधणाऱ्या चाचण्याही आहेत. दूरच्या गावात अशा पट्टीचा उपयोग होईल आणि तो व्हावा. पण पट्टी सांगते ते इतकेच, की आग लागली आहे. कोणी लावली, हे ती सांगत नाही, आणि कोणते औषध लागू पडेल हेही नाही. प्रतिरोधक जंतूंनी ग्रासलेल्या देशात हा दुसरा प्रश्नच जीवनमरणाचा आहे. जिथे बाटली भरण्याची शिस्त नाही तिथे पट्टी आणल्याने शिस्त येत नाही. फक्त निष्काळजीपणाला आधुनिक वेष्टन मिळते. नव्या किटची बातमी पहिल्या पानावर येते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलेल्या पन्नास मिलिलिटरची बातमी होत नाही. रुग्णांचे प्राण मात्र आज तरी त्या पन्नास मिलिलिटरवर अवलंबून आहेत.

उरला पैशाचा आक्षेप. तो हिशेब मांडूनच पाहावा. एका बाजूला दोन कल्चर-बाटल्या, एक रंगवलेली काच, पेशींची मोजणी. दुसऱ्या बाजूला आंधळेपणाने दिलेली तीन आठवड्यांची प्रतिजैविके, रुग्णालयातील दिवस, कॅथेटर काढण्याची शस्त्रक्रिया आणि उरलेले आयुष्यभर यंत्रावरचे डायलिसिस. गरीब देशाला पहिली बाजू परवडत नाही आणि दुसरी परवडते, असे म्हणणाऱ्याने आपले गणित सर्वांसमोर फळ्यावर मांडावे.

काय व्हायला हवे

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक रुग्णाच्या घरी त्याच्या भाषेत लिहिलेला एक कागद असावा: गढूळ दिसलेली पहिली पिशवी फेकू नका, ती थंड जागी ठेवून सोबत आणा; आणण्यापूर्वी दुकानातून प्रतिजैविक घेऊ नका; आणि दिवसरात्र उचलला जाईल असा फोन क्रमांक. रुग्ण केंद्रापासून दूर राहत असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात कल्चरच्या बाटल्या आणि पहिला डोस तयार असावा.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ‘पेरिटोनियल डायलिसिसचा द्रव’ असा स्वतंत्र रकाना असावा. त्यात द्रव पोटात किती तास होता आणि प्रतिजैविक आधी दिले होते का, हे लिहिणे सक्तीचे असावे. तिसऱ्या दिवशीही कल्चर कोरेच राहिले तर ते ‘निगेटिव्ह’ म्हणून मिटवून टाकू नये. पेशींची पुन्हा मोजणी आणि बुरशी, क्षयरोग व इतर दुर्मीळ जंतूंचा शोध तिथून सुरू व्हावा.

शासकीय योजनेने केवळ पिशव्यांचा पुरवठा मोजून समाधान मानू नये. जी योजना रुग्णाच्या पोटात द्रव भरते, तिने तो गढूळ झाल्यावर तपासण्याची जबाबदारीही स्वीकारलीच पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: प्रत्येक केंद्राने दरवर्षी दोन आकडे शेजारी-शेजारी जाहीर करावेत. पहिला, संसर्गाचा दर. आंतरराष्ट्रीय अपेक्षा अशी की तो रुग्णामागे वर्षाला ०.४० हून अधिक नसावा, म्हणजे सरासरी अडीच वर्षांतून एकदाच संसर्ग व्हावा. दुसरा, त्यांपैकी कल्चर निगेटिव्ह किती. पहिला आकडा एकटा असेल तर तो मिरवता येतो. दुसरा शेजारी ठेवला की त्या मिरवणुकीमागचे सत्य दिसते.

हे वाचणाऱ्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचे, वैद्यकाचे, परिचर्येचे, प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाचे विद्यार्थी असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या हातात एक दिवस अशी गढूळ पिशवी येईल. ती आणणाऱ्या माणसाने आपली परीक्षा दिलेली असेल: कागदावरची अक्षरे त्याला दिसेनाशी झाली आणि त्याने ते वेळेवर ओळखले. त्यानंतर येणाऱ्या अहवालावर ‘कल्चर निगेटिव्ह’ असे लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: किती मिलिलिटर घेतले, कशात घेतले, आणि किती वेळात पोहोचवले? या तिन्हींची उत्तरे देता येत नसतील, तर तो अहवाल रुग्णाबद्दल काहीच सांगत नाही. तो लिहिणाऱ्याबद्दल सांगतो.